संक्रमण : पाण्यातून सायकलीवर, सायकलीवरून पायांवर

(मंडळाच्या मकरसंक्रांत स्नेहमेळाव्यात सांगानेर येथे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



चिटणीसांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी ‘संक्रमण’ एवढा एकच शब्द कळवला आणि त्यांनी तो तसाच निमंत्रणपत्रिकेत छापला. संक्रांतीचा दिवस असल्यामुळे आपल्यापैकी काहींनी सूर्याचा मकर राशीतील प्रवेश, उत्तरायण आणि तिळाचे गुणधर्म यांविषयी चार शब्द ऐकण्याची तयारी केली असेल. त्यांची मी प्रथमच क्षमा मागतो. मला बोलायचे आहे ते पोहून पाण्याबाहेर आलेल्या माणसाने सायकलीवर कसे बसावे आणि सायकलीवरून उतरून धावू कसे लागावे याविषयी. ट्रायथलॉन नावाच्या क्रीडाप्रकारात या दोन सांध्यांना ट्रान्झिशन म्हणतात. मी त्यांस संक्रमण म्हणतो, आणि या शब्दाने काम भागते असा माझा अनुभव आहे.

मजसारख्या बी.ए. झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या सरकारी नोकराने या भानगडीत का पडावे, हा प्रश्न आपल्या चेहऱ्यांवर मला इथून दिसतो आहे. कारण साधे आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रक्तातील साखर वाढल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी रोज चालण्यास सांगितले. चालण्याचे पळणे झाले, गुडघा कुरकुरला म्हणून सायकल आली, आणि पाठीसाठी पोहणे आले. तिन्ही गोष्टी करणाऱ्या माणसास कोणीतरी ट्रायथलॉनचे नाव सांगणारच. ते माझ्या मुलीने सांगितले.

या खेळाचा इतिहास फार जुना नाही. सुरुवातीस पोहणे, मग सायकल आणि शेवटी धावणे, मध्ये विश्रांती नाही, असे त्याचे स्वरूप. अमेरिकेतील सान दिएगो येथे २५ सप्टेंबर १९७४ रोजी ट्रायथलॉन या नावाने पहिली शर्यत झाली. १९७८ च्या फेब्रुवारीत हवाई बेटांवर पंधरा जण ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे अशा शर्यतीस उभे राहिले आणि त्यांतील बाराजणांनी ती पुरी केली. तीच आयर्नमॅन. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनला प्रथम स्थान मिळाले. तेथे अंतरे बेताची, म्हणजे दीड, चाळीस आणि दहा किलोमीटर. आपल्या मराठी मुलखात या खेळाने चांगले मूळ धरले आहे. पुण्याचे कौस्तुभ राडकर हे मूळचे जलतरणपटू. त्यांनी आयर्नमॅन अनेकदा पुरी केली आणि इतरांनाही तयार केले. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिच येथे पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती पुरी केली, आणि महाराष्ट्र पोलीस दलातील अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी २०१७ साली फ्रान्समध्ये. शेवटचे नाव वाचून मला विशेष धीर आला, कारण सरकारी नोकरीची सबब त्यामुळे निकालात निघाली.

२०१९ साली गोव्यात, पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावर, आयर्नमॅनच्या अर्ध्या अंतराची शर्यत प्रथम भरली : १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. मैलांत बेरीज केली तर ७०.३ येते, म्हणून तिचे नावही तसेच. महामारीमुळे मध्ये दोन वर्षे ती झाली नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात ती पुन्हा भरली, तेव्हा मी सहकुटुंब गोव्यास गेलो होतो, आणि तेथे माझी जी फजिती झाली तिच्यामुळेच मी आज आपणांसमोर उभा आहे.

या शर्यतीत मुदती असतात. पोहण्यास एक तास दहा मिनिटे. पोहणे, पहिले संक्रमण आणि सायकल मिळून साडेपाच तास. आणि सगळे मिळून साडेआठ तास. मी एक तास चार मिनिटांत पाण्याबाहेर आलो. माझ्या मानाने ते उत्तम होते. सायकलीला चार तास तेरा मिनिटे लागली. तेही वाईट नव्हते. आता आपण बेरीज केलीत तर पाच तास सतरा मिनिटे होतात, म्हणजे तेरा मिनिटे हाताशी राहावयास हवी होती. प्रत्यक्षात मी सायकल घेऊन परतलो तेव्हा घड्याळात पाच तास तेहेतीस मिनिटे झाली होती. तेथील स्वयंसेवकाने अतिशय नम्रपणे माझ्या घोट्याची चिप सोडून घेतली. माझी शर्यत तीन मिनिटांनी संपली.

उरलेली सोळा मिनिटे कोठे गेली? ती मी समुद्र आणि सायकल यांच्या मध्ये घालवली होती.

सरकारी नोकरांना हे पटकन समजेल. बदली झाली की केंद्र सरकार आपणांस रुजू होण्यासाठी मुदत देते. हजार किलोमीटरपर्यंत दहा दिवस, दोन हजारपर्यंत बारा, त्यापुढे पंधरा. या दिवसांत आपण सामान बांधतो, मुलांचे दाखले काढतो, गॅसची जोडणी बदलून घेतो, आणि हा काळ सेवेतच धरला जातो. माझ्या नोकरीत अशा सात बदल्या झाल्या. त्यामुळे एक काम संपून दुसरे सुरू होईपर्यंतचा काळ हा कोणाच्याच खाती नसतो, अशी माझी मनोधारणा झाली असावी. ट्रायथलॉनमध्ये मात्र पोहणे सुरू झाल्यापासून शेवटची रेषा ओलांडीपर्यंत घड्याळ एकदाही थांबत नाही. टॉवेलने पाय पुसण्याचा वेळ हाही शर्यतीचाच वेळ.

त्या सोळा मिनिटांचा हिशेब मी परतीच्या गाडीत कागदावर मांडला. पाण्यातून उठताच मला भोवळ आली. तासभर आडवे पोहणारा माणूस एकाएकी उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते आणि डोके क्षणभर रिकामे होते. मग मी माझी सायकल शोधू लागलो. शेकडो सायकली आडव्या दांड्यांवर टांगलेल्या, चष्मा पेटीत राहिलेला, आणि जाळीपलीकडून आमच्या सौभाग्यवती ओरडत होत्या, “अहो, ती तुमची रांग नव्हे!” त्यानंतर मी कपडे बदलण्याच्या तंबूत गेलो. तेथे ओल्या अंगाला चिकटणाऱ्या बनियनशी झटापट झाली. शेवटी पाय. मधुमेह्याच्या पायाला फोड येणे ही किरकोळ गोष्ट नसते. डॉक्टरांनी हे मला इतक्यांदा बजावले होते, की मी बोट न् बोट पुसले, पावडर लावली, मोजे घातले, वाळू राहिली असे वाटून मोजे काढले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माझी काळजी चुकीची नव्हती. पाय कोरडे आणि निर्वाळू असणे मला आवश्यकच होते. मी त्याची तयारी केली नव्हती, एवढेच.

जयपुरास परत आल्यावर पंधरा दिवस मी हा विषय घरात काढला नाही. नंतर एके दिवशी आमच्याकडे सत्यनारायण होता. सौभाग्यवती पूजेची मांडणी करीत होत्या आणि मी बाजूला बसून पाहत होतो. चौरंगाच्या उजवीकडे काय, डावीकडे काय, आधी लागणारे पुढे, शेवटी लागणारे मागे. हळदकुंकवाची करंडी उघडी, विड्याची पाने मोजून लावलेली, काडेपेटी निरांजनाशेजारी. गुरुजींनी बोलता बोलता नुसता हात पुढे केला की हवी ती वस्तू हाताखाली. पूजा सांगताना त्यांना एकदाही इकडेतिकडे पाहावे लागले नाही. मी सौभाग्यवतींना म्हटले, की गोव्याला माझे सामान तू लावायला हवे होतेस. त्या म्हणाल्या, “लावले असते की. तुम्ही सगळे एका पिशवीत कोंबून नेलेत.”

त्या दिवसापासून आमच्या गच्चीवर सरावास प्रारंभ झाला.

सायकलीच्या पुढच्या चाकाशेजारी एक लहान टॉवेल पसरतो. त्यावर उभे राहायचे, पाय त्यावरच पुसले जातात. वाकून पुसण्याचे काम नाही. टॉवेलशेजारी पाण्याची बाटली, टोपण सैल केलेली. तिच्यातील पाणी पायांवर ओतले की वाळू जाते. मग मोजे. ते आदल्या रात्रीच अर्धे गुंडाळून, आत पावडर भुरभुरवून ठेवायचे, म्हणजे बोटे आत सरकवून वर ओढले की झाले. बुटांना साध्या नाड्या नाहीत, इलॅस्टिकच्या आहेत. गाठ मारावी लागत नाही. हेल्मेट सायकलीच्या हँडलवर उताणे, पट्टे दोन्ही बाजूंना मोकळे सोडलेले, आणि त्याच्या आत चष्मा. छातीवरचा क्रमांक एका पट्ट्याला लावलेला, तो फक्त कमरेस अडकवायचा. पोहताना, सायकलीवर आणि धावताना चालणारा एकच तंग पोषाख मिळतो, तो घातला की तंबूकडे जावेच लागत नाही. गोव्याचे पाणी कोमट असल्यामुळे तिथे थंडीचा रबरी पोषाख लागत नाही, ही आपली सोय. युरोपात तो अंगातून सोलून काढण्यातच लोकांची त्रेधा उडते.

यातील एका गोष्टीवर मात्र तरुण मंडळींशी माझा मतभेद आहे. मोजे घालूच नयेत, त्यात अर्धे मिनिट जाते, असे ते म्हणतात. ऑलिंपिकच्या अंतरासाठी ते ठीक असेल. तेथील खेळाडू पहिले संक्रमण मिनिटाभराच्या आसपास आणि दुसरे त्याच्याही निम्म्या वेळात उरकतात. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये महिलांच्या शर्यतीत निकोला स्पिरिग आणि लिसा नोर्डेन या दोघींची वेळ सेकंदापर्यंत एकच लागली, एक तास एकोणसाठ मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंद, आणि सुवर्णपदक कोणाचे हे छायाचित्रावरून ठरवावे लागले. तेथे मोज्यांचा हिशेब करणे योग्य आहे. आपणांस पुढे एकवीस किलोमीटर धावायचे असते. पाचव्या किलोमीटरला टाच सोलवटली, तर मोज्यांत वाचवलेले अर्धे मिनिट पुढच्या प्रत्येक किलोमीटरला व्याजासह परत द्यावे लागते. आणि साखर असलेल्या माणसाने तर या बाबतीत वाद घालूच नये. त्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून शर्यतीतही उतरू नये, हेही येथेच सांगून ठेवतो.

गच्चीवरचा सराव असा : एका टोकाला पाण्याचे घमेले आणि वाळूची परात. चष्मा, टोपी लावून मी घमेल्यात उभा राहतो, मग वाळूत, आणि सौभाग्यवतींनी ‘हं’ म्हटले की पळत सुटतो. पळता पळताच टोपी आणि पोहण्याचा चष्मा काढायचा. थांबून काढला तर हात त्यातच गुंततात. सायकलीशी पोहोचल्यावर पहिले काम हेल्मेट. हा केवळ सोयीचा प्रश्न नाही, नियमच आहे : हेल्मेटचा पट्टा लागल्याखेरीज सायकलीला हात लावायचा नाही. नंतर सायकल हाताने ढकलत रेषेपर्यंत न्यायची आणि रेषा ओलांडल्यावरच तिच्यावर बसायचे. लंडनलाच पुरुषांच्या शर्यतीत जॉनाथन ब्राउनली या इंग्लिश खेळाडूने रेषेच्या आधीच टांग मारली. त्याला पंधरा सेकंद थांबण्याची शिक्षा झाली आणि त्याला कांस्यपदक मिळाले. सुवर्णपदक त्याच्या थोरल्या भावाला मिळाले. एवढ्या मोठ्या खेळाडूची ही गत होते, तेव्हा रेषेजवळ मनातल्या मनात ‘पाय खाली’ असे म्हणण्याची सवय मी लावून घेतली आहे.

पहिल्या आठवड्यात या सगळ्यास मला नऊ मिनिटे लागली. शेजारच्या गच्चीवर पतंग उडवणाऱ्या मुलांनी मांजा सोडून माझ्याकडे पाहणे पसंत केले, आणि पुढे त्यांच्यातीलच एकजण घड्याळ धरू लागला. दुसऱ्या महिन्यात पाच मिनिटे, आणि उन्हाळ्याच्या तोंडी तीन. वेग वाढवण्याचा प्रयत्न मी केला नव्हता. घाई केली की मोजा तिरका जात असे. प्रत्येक वस्तूची जागा हाताला पाठ झाली, तसा वेळ आपोआप कमी झाला. सांगानेरच्या छपाईच्या कारखान्यांत आपण हेच पाहतो. ठसे मारणारा छिपा रंगाची थाळी चाकांच्या लाकडी गाड्यावर ठेवून आपल्याबरोबर सरकवीत नेतो. रंगासाठी त्याला मान वळवावी लागत नाही, हात थाळीकडे जातो आणि कापडाकडे परत येतो. तो सावकाश काम करतो असे वाटते. संध्याकाळी वाळत घातलेली कापडे मोजली म्हणजे खरे कळते.

भोवळीसाठी दोन उपाय सापडले. किनारा शंभरेक मीटरवर आला की पाय जोराने मारू लागायचे, म्हणजे पायांतील रक्ताचे चलनवलन सुरू होते. आणि पाणी कमरेइतके झाले म्हणून लगेच उभे राहायचे नाही. हात वाळूला लागेपर्यंत पोहत राहायचे. कमरेइतक्या पाण्यातून चालणे हे पोहण्यापेक्षा हळू आणि अधिक दमवणारे असते. उभे राहिल्यावर चार पावले चालून मग पळावे. सायकल सापडण्याचा उपाय तर हास्यास्पद वाटावा इतका सोपा आहे. आदल्या दिवशी सायकल ठेवावी लागते, तेव्हा पाण्याच्या वाटेवरून स्वतः चालत यायचे, रांगा मोजायच्या आणि हलणार नाही अशी एखादी खूण धरून ठेवायची. झाड चालेल, दिव्याचा खांब चालेल. कोणाची तांबडी पिशवी चालणार नाही, कारण तो माणूस आपल्या आधी निघून गेलेला असतो. सायकलही हलक्या गिअरमध्ये ठेवावी. जड गिअरमध्ये पहिलाच पेडल मारताना वळवळत पडलेले मी दोघे पाहिले.

दुसरे संक्रमण कमी पसाऱ्याचे, पण शरीराला अधिक चमत्कारिक. चार तास गोल फिरलेले पाय जमिनीवर ठेवले की ते आपले वाटत नाहीत, कोणाचे तरी उसने आणल्यासारखे वाटतात. यासाठी सायकलीच्या शेवटच्या किलोमीटरभर गिअर हलका करून पाय भरभर फिरवावेत आणि धावण्याचे पहिले किलोमीटर अगदी तोकड्या पावलांनी काढावे. आठवड्यातून एकदा मी टोंक रस्त्यावर पहाटे सायकल चालवून येतो आणि बूटही न बदलता लगेच द्रव्यवतीच्या काठच्या वाटेवर पंधरा मिनिटे पळतो. तीन महिन्यांत पायांनी हा उसनेपणा सोडला. सायकलीच्या पेडलात अडकणारे खास बूट मी वापरत नाही. त्यांमुळे वेग वाढतो हे खरे, पण पडण्याची भीती आणि बूट बदलण्याचे काम दोन्ही वाचते. सायकल दांडीवर ठेवायची, मग हेल्मेट काढायचे, त्याआधी नव्हे. टोपी उचलायची आणि ती धावताना घालायची. मोज्यांचा दुसरा कोरडा जोड मात्र मी तेथे बसून, शांतपणे घालतो. त्या मिनिटाचा मला अजिबात पश्चात्ताप होत नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही पुन्हा गोव्यास गेलो. आदल्या संध्याकाळी सौभाग्यवतींनी लॉजवरच्या पलंगावर सगळे मांडून पाहिले आणि मला डोळे मिटून एकेक वस्तू उचलण्यास लावले. प्रत्यक्ष स्पर्धेत आत येऊन मदत करण्यास बाहेरच्या माणसाला मनाई असते, म्हणून त्या पुन्हा जाळीपलीकडेच उभ्या होत्या. पोहण्यास एक तास दोन मिनिटे लागली. मी पाण्यातून आलो, सातवी रांग, माडाच्या समोर, आणि पाय टॉवेलवर ठेवला. या वेळी त्या काही ओरडल्या नाहीत. मान वर करून पाहिले तर त्या मनगटावरचे घड्याळ पाहत होत्या. पाच मिनिटांत मी रेषेपलीकडे सायकलीवर होतो. सायकल चार तास सहा मिनिटे. म्हणजे पाच तास तेराव्या मिनिटाला परत. सतरा मिनिटे हातात होती. ज्या जागी दोन वर्षांपूर्वी माझी चिप सोडली होती, त्याच जागी बसून मी मोजे बदलले, आणि चार मिनिटांनी उठून धावू लागलो. ऊन भयंकर होते. धावण्याचे दोन तास सत्तावन्न मिनिटे मी आपणांस वर्णन करून सांगत नाही. त्यांत सांगण्यासारखे एवढेच की ते संपले. एकूण आठ तास चौदा मिनिटे. रात्री पाय तपासले. एकही फोड नव्हता.

व्याख्यानानंतर काही तरुणांनी, आणि मला आनंद वाटतो की दोन गृहिणींनीही, सराव पाहण्याची इच्छा आताच चिठ्ठी पाठवून कळवली आहे. पतंगांचा हंगाम संपला की रविवारी सकाळी सहा वाजता गच्चीचे दार उघडे असेल. टॉवेल आणि मोजे ज्याचे त्याने आणावेत. वाळूची परात आमच्याकडे आहे.